दाराकडे तोंड केलेलं जहाज

हल (इंग्लंड), ४ मार्च १९७१

चि. थॉरकिल्ड यास अनेक आशीर्वाद.

आम्ही खुशाल. आईचे गुडघे कुरकुरतात, पण रविवारी इथल्या आपल्या डॅनिश खलाशांच्या चर्चमध्ये तीच पहिली. डेन्मार्कची बोट लागली की पोरांना कॉफी पाजते आणि कुणी केक नको म्हटलं की फैलावर घेते.

चर्चला रंग द्यायचाय, म्हणून आपल्याकडच्या रीतीप्रमाणे छताला टांगलेलं, बाबांच्या हातचं छोटं जहाज उतरवलंय. नवे पाद्री म्हणाले, जहाजाचं तोंड वेदीकडे हवं, तुमचं दाराकडे कसं? मला हसूच आलं. बाबांना टेबलावरचा चमचा वाकडा खपायचा नाही, आणि एवढी चूक! ईस्टरआधी सरळ करायचं ठरलंय. मी होकार देऊन टाकला.

एमिलीला व मुलांना गोड पापे.
तुझी एबाताई

मार्स्टाल (डेन्मार्क), ११ मार्च १९७१

ती. एबाताईस शि. सा. न.

ताई, हात जोडतो, तो होकार परत घे. बाबा चुकले नव्हते. एस्किलदादाची बोट बुडाली तेव्हा तू लंडनला नोकरीत होतीस. वेदीकडे तोंड म्हणजे जहाज घरी पोचलं. आईला ते बघवेना. बाबांना म्हणाली, माझा मुलगा आला नाही, आणि हे मेलं कसं सुखरूप येऊन बसलंय! बाबांनी त्याच आठवड्यात ते दाराकडे फिरवलं. म्हणाले, जातो मी त्याला शोधायला.

आईचा जीव त्यात अडकलाय. आणि तू नेहमीसारखी घाई करून मोकळी! रागावू नकोस. तू पाठवलेले मोजे मुलांना छान बसले.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा थॉरकिल्ड

हल, २९ मार्च १९७१

चि. थॉरकिल्ड यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून पायांखालची जमीन सरकली. तशीच पाद्रींकडे धावले. ते भले गृहस्थ; म्हणाले, आईंनाच विचारू.

आई बराच वेळ जहाजाच्या शिडांवरून बोटं फिरवत बसली. मग म्हणाली, एस्किलला शोधायला या जहाजातून निघाला तुझा बाप, मग तोही वारला. किती वर्षं दोघं बाहेरच आहेत. थंडी असेल गं तिकडे. फिरवा ते आता. येऊ देत दोघं घरात.

काल फिरवलं. मी खूप रडले, थॉरकिल्ड. तू हवा होतास. आई रडली नाही. जहाज वर चढेपर्यंत मान वर करून बघत राहिली आणि बाबांना म्हणाली, पुरे झालं आता, बसा.

ईस्टरला सगळे या.
तुझी एबाताई