रोसविथाचं तळं हिरवं पडलं, त्याबद्दल

वाइनफिर्टेल, मंगळवार दुपार

आदरणीय हेडविगताई यांना एंगेलबर्टचा मनापासून नमस्कार.

तुमचा गुडघा आता बरा असेल अशी आशा आहे. लिंझलाही उन्हाचा कहर चालू असल्याचं रेडिओवर ऐकलं. दुपारी खिडक्यांच्या झडपा लावून घ्या आणि बाजाराला सकाळीच जाऊन या. माझं ठीक चाललं आहे. जेवतो. संध्याकाळी रोसविथाच्या कबरीवर पाणी घालून येतो. तिथले बेगोनिया टवटवीत आहेत. बागेतलं पोहायचं तळंही ठीक आहे. म्हणजे जागेवर आहे. (परवा फोनवर तुम्ही तळ्याचं विचारलंत तेव्हा मी ‘चुलीवर सूप उतू जातंय’ म्हणून फोन ठेवला. सूप नव्हतं. या उकाड्यात सूप कोण करतं?)

पाणी हिरवं पडलं आहे. पूर्वी काठच्या फळीघाटावर, त्या लाकडी फळ्यांवर, उभं राहिलं की तळाचे गोटे दिसायचे. आता पाण्यात उतरायच्या पायऱ्यांपैकी पहिलीच दिसते, आणि तीही ओळखीची असल्यामुळे. तुम्हाला माहीतच आहे, तळ्याचं सगळं तुमची बहीण बघायची. मी काठावर खुर्ची टाकून पेपर वाचायचो आणि ‘वा, छान आहे’ म्हणायचो. आयुष्यभर रेल्वेत सिग्नल तपासले. सिग्नल हिरवा झाला की माझ्या जिवाला बरं वाटायचं. आता हिरवं दिसलं की छातीत धडधडतं. सकाळी उठून पडदा बाजूला करायची हिंमत होत नाही. तळाकडून एखादा बुडबुडा वर आला तरी वाटतं, झालं, गेलं. तिने वीस-एक वर्षं जपलेलं तळं माझ्या हातून पहिल्याच उन्हाळ्यात मरणार.

हे झालं कसं तेही सांगतो. आपल्याकडे एखाद्या घरी माणूस गेलं की गाव त्या घराच्या खिडक्यांतली फुलं बघून उरलेल्याची परीक्षा करतं. रोसविथाची जिरेनियमं रस्त्याकडच्या खिडक्यांत असायची. उन्हाने ती माना टाकू लागली. शेजारच्या क्रेनमायरबाई कुंपणावरून म्हणाल्या, “अहो एंगेलबर्ट, ती असती तर ही फुलं अशी बघवली असती का तिला?” मी घरात येऊन सगळ्या कुंड्या उतरवल्या आणि तळ्याच्या काठी, फळीघाटावर, विलोच्या झाडाच्या सावलीत मांडल्या. शिवाय रोज पातळ खत पाजलं. बाटलीवर लिहिलं होतं त्याच्या दुप्पट, कारण मला दुःखही दुप्पट होतं. फुलं अशी तरारली की क्रेनमायरबाई गप्प झाल्या. जादाचं खत मात्र फळ्यांच्या फटींतून थेंब-थेंब तळ्यात जात होतं. मला ते दिसत होतं. मला वाटलं, पाणीच आहे, पाण्यात पडतंय.

रोसविथा म्हणायची, तळ्याला उपाशी ठेवायचं. वेताची आणि लव्हाळ्याची मुळं त्यातलं सगळं खाऊन टाकतात म्हणून ते नितळ राहतं. मी त्याला मेजवानी घातली.

कुंड्या आता परत रस्त्याकडे नेल्या आहेत. (माना टाकल्या आहेत. क्रेनमायरबाई पुन्हा बोलू लागल्या आहेत.) शेवाळाच्या तारा काढायला तिची युक्ती आठवली: संडासाचा नवा ब्रश डोंगरात चालायच्या काठीला बांधायचा आणि पाण्यात गरगर फिरवायचा, शेवया काट्यावर गुंडाळतात तसा. मी तिचा रबरी पायजमा चढवून गुडघाभर पाण्यात उभा राहतो (पुढे जात नाही, मला पोहता येत नाही आणि वेतात पाणसाप आहे, तो विषारी नाही हे मला ठाऊक आहे, त्याला ठाऊक आहे का ते माहीत नाही). अशा अवस्थेत, हातात संडासाचा ब्रश आणि डोक्यावर अंत्ययात्रेची काळी टोपी, मला गावाच्या अग्निशमन दलाच्या प्रमुखाने पाहिलं.

गॉटफ्रीड मनाने सोन्यासारखा आहे, पण त्याच्याकडे बंब आहे. “एंगेलबर्टदादा, यात बेडूक उकडायला घातलेत काय?” म्हणून हसला, आणि लगेच गंभीर झाला. “काळजी करू नका. रविवारी प्रार्थना आटोपली की पोरं घेऊन येतो. सगळं उपसून टाकू, तळ घासून काढू, ताजं पाणी भरून देऊ. वहिनींसाठी एवढं तरी करू द्या आम्हाला.” त्याचे डोळे भरून आले होते. दलाने गावातले पोहायचे सगळे निळे हौद असेच भरून दिले आहेत.

हेडविगताई, उपसलं तर संपलं. गोगलगायी, चतुरांची पिल्लं, डोळ्यांना न दिसणारे ते किडे, सगळे जातील, आणि त्यांच्याशिवाय ताजं पाणी आठवड्यात पुन्हा हिरवं होईल. ती म्हणायची, इथे पाणी नाही, वस्ती आहे. हे मला गॉटफ्रीडला सांगायचं होतं. मी म्हणालो, “फार उपकार होतील.”

असो. तुम्ही काळजी करू नये. एवढ्या उन्हात गाडीचा प्रवास करून इकडे येण्याचं तर मनातही आणू नये.

तुमचा,
एंगेलबर्ट

ता. क. : शनिवारी आलात तर बरं होईल. तुम्हाला लोकांना ‘नाही’ म्हणता येतं.

ता. क. : बुधवार. पाकीट अजून चिकटवलेलं नाही. सकाळी गॉटफ्रीड पाइपाची लांबी मोजायला आला. मी फळीघाटावर आडवा उभा राहिलो आणि म्हणालो, “नाही. हात लावायचा नाही.” इतक्या मोठ्याने, की क्रेनमायरबाई बाहेर आल्या. गॉटफ्रीडचा चेहरा पडला. तो मला बघवला नाही, आणि मी म्हणून बसलो, “उपसायला नको, पण रविवारी सगळ्यांनी पोहायला या.”

ता. क. : ते येणार आहेत. संपूर्ण दल, बायकामुलांसकट. अंगभर उन्हाचं मलम चोपडून. ते मलम तळ्यात उतरलं तर खतापेक्षा वाईट. रोसविथा कोणालाही बागेतल्या नळाखाली उभं केल्याशिवाय पाण्यात सोडत नसे, दारातूनच ओरडायची, आणि धर्मगुरूसुद्धा मुकाट्याने अंग धुऊन यायचे. मी ओरडून पाहिलं, रिकाम्या बागेत. जमत नाही.

तुमचा आवाज अगदी तिच्यासारखा आहे. म्हणून तर मी फोन लवकर ठेवतो. रविवारी दारात उभं राहून एकदा ओरडाल का, “आधी नळाखाली!” म्हणून? मी तळ्याकडे तोंड करून बसलेला असेन.