कुरण मधून कापायचं असतं

बुधवार, नऊ तारीख, दुपार

मामा,

आधी नमस्कार, मग तुमच्या शिव्या खाते. तुमच्या पत्राला आज अठरा दिवस झाले. रोज लिहीन म्हणते आणि रोज काहीतरी निघतं. काल कागद काढला तर पेन चालेना. नवं आणायला गेले, वाटेत दूधवाल्याची गाय व्यायली, ते बघत बसले आणि दुकान बंद झालं. पेन नंतर दूधवाल्याच्याच खिशातून मिळालं. म्हणजे हे काही कारण नव्हे, मलाही कळतंय.

पाय कसा आहे? डॉक्टर अजून दोन महिने सोडणार नाहीत म्हणालात. शेजारच्या खाटेवरचे शिंपीबुवा अजून घोरतात का? उशी फेकून मारू नका, तुमची उशी जाईल आणि घोरणं राहील.

इकडे वनात झाडांखालची काटेरी झुडपं तुम्ही आखून दिल्याप्रमाणे काढली, एक पट्टा मोकळा, एक तसाच. ओढ्याकडच्या सुकलेल्या झाडात सुतार पक्ष्याने तिसरं भोक पाडलंय. वखारवाला येऊन गेला. झाडाला बोटांनी टकटक करून म्हणाला, “पुढच्या वर्षी हे सरपणालाही उरणार नाही. कशाला ठेवलंय?” मी म्हटलं, “वर भाडेकरू आहेत, बाहेर कसे काढू?” हसला नाही. वनात मात्र बराच वेळ फिरला, एकेका बुंध्याला मिठी मारून जाडी बघत होता.

तुमचा प्रश्न मी विसरलेले नाही. पाय पहिल्यासारखा होणार नाही, तेव्हा वन आणि कुरण तुझ्या नावावर करू का, की वखारवाल्याला देऊन मोकळा होऊ, असं विचारलंत. सही करायला वकील या महिन्यात येणार आहेत. मामा, मला हवंय. तीन वर्षांत हॉटेलात भांडी घासली, बोटीवर दोर ओढले, एका बेकरीत तर नऊच दिवस टिकले. कुठूनही निघताना मागे वळून बघितलं नाही. इथून निघावंसं वाटत नाही, आणि हे मला कळलं ते फार उशिरा, म्हणजे गेल्या महिन्यात, त्या कापणीनंतर.

सही करण्याआधी पुढचं वाचा.

मागच्या पत्रात मी लिहिलं की चंडोलांची दुसऱ्या विणीची पिल्लं उडाली आणि मग कुरण कापलं. उडाली नव्हती.

झालं असं की बोटीवरच्या जुन्या मैत्रिणीचा निरोप आला, बंदरावर ये, लांबच्या फेरीला माणसं घेतायत. दुपारी चारची बस होती. मला वाटलं, गवत तेवढं कापून टाकू, म्हणजे मामाचं काम अर्धवट टाकून गेले असं नको. दहा-बारा दिवस थांबायचं होतं, तुम्ही कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करून ठेवला होता. तो गोल मी सकाळी चहा पिताना बघितला होता.

दूधवाल्याने ट्रॅक्टर दिला. मी तुमच्या सांगण्याप्रमाणे मधोमध जाऊन सुरुवात करायला लागले, तर तो बांधावरून ओरडला, “अगं, ही काय उलटी हजामत? कडेने धर, गोल गोल आत जा. वळायला नको, काही नको. जेवायच्या आत मोकळी होशील!” त्याच्यावर ढकलत नाही. त्याचं चाऱ्याचं शेत आहे, तो तसंच कापतो. तुम्ही मला तीनदा सांगितलं होतं, “अगं भिंगरे, मधून सुरू कर आणि बाहेर ये, म्हणजे पाखरांना कडेच्या गवतात पळता येतं.” मी तीनदा हो म्हटलं होतं.

कडेने धरलं. एकेक फेरी आत जात गेले. पळता येणारं सगळं माझ्यापुढे मधल्या गवतात सरकत गेलं, आणि बाहेर जायला सगळीकडून उघडी जमीन. शेवटी तुमच्या स्वयंपाकघराएवढा तुकडा उरला. वारा नव्हता. गवत हलत होतं.

मामा, मला ते दिसलं. कळलं नाही असं मी स्वतःला खूपदा सांगून बघितलं. ट्रॅक्टर थांबवायला फक्त ब्रेकवर पाय द्यायचा होता. मी घड्याळ बघितलं, दोन फेऱ्या राहिल्या होत्या. त्या केल्या.

सात पिल्लं होती. दोन घरट्यांतली असावीत. पंख फुटलेले होते, आणखी चार-पाच दिवसांत उडाली असती. एक मादी होती. तिला उडता येत होतं, तरी ती गेली नव्हती. सगळ्यांना मी तिथेच, कुरणाच्या मधोमध पुरलं. चारची बस गेल्याचा आवाज मला तिथे ऐकू आला.

परवा पाखरांच्या मोजणीवाल्या बाई आल्या. तासभर दुर्बीण लावून बसल्या आणि म्हणाल्या, “नऊ वर्षांपूर्वी तुझ्या मामांनी ही बटाट्याची जमीन घेतली ना, तेव्हा इतकं गप्प असायचं इथे.” मी म्हटलं, “ऊन आहे ना, म्हणून.” त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. तुमच्या नऊ वर्षांपुढे मी ऊन ठेवलं, मामा. त्या रात्री ठरवलं की तुम्हाला कळायचं ते माझ्याकडूनच कळेल.

आता हे वाचून वखारवाल्याला सही दिलीत तर मी एक शब्द बोलणार नाही. फक्त एवढं करा, पुढच्या कापणीपर्यंत मला इथे राहू द्या. नावावर काही नको. मजूर म्हणून ठेवा. नंतर तुम्ही सांगाल त्या दि

मामा, मध्येच थांबले. फाटकाशी दूधवाल्याची गाडी लागलीय. मला वाटलं डबे न्यायला आलाय. पण आधी कुबड्या खाली आल्या आणि मग तुम्ही! प्लास्टर तसंच आहे. डॉक्टरांना काय सांगून आलात? दूधवाला हात द्यायला जातोय आणि तुम्ही त्याला झटकून ओरडताय, इथपर्यंत ऐकू येतंय: “सोड रे! पाखरं निघून जायच्या आत बघू दे मला. पोरीनं लिहिलंय, सगळी उडाली म्हणून!”

घरात न येता कुरणाकडे वळलात.

थांबा. एकटे जाऊ नका. मी येतेय. हे पान तुमच्या हातात देते, आणि तुम्ही वाचून मान वर कराल तेव्हा समोरच असेन.

तुमची भाची