घुमीची दुसरी बैठक

प्रिय मास्तरीणबाई,

फोन करून करून माझं बोट दुखलं. दाराशी आले तर तुझा जावई म्हणतो, आई झोपल्यात. भर सकाळी. इतक्या वर्षांत मी तुला आजारपणातसुद्धा दिवसा आडवी झालेली पाहिली नाही. बिचाऱ्याला धड खोटंही बोलता येत नाही, सांगताना कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, आणि आतून तुझ्या मशीनचा खडखडाट स्पष्ट ऐकू येत होता. म्हणून हा कागद. तुझी सवय मला ठाऊक आहे. वाण्याकडची पुडी सोडलीस तरी कागद वाचून मगच टाकतेस, तेव्हा हाही वाचशील.

माझं म्हणशील तर गुडघे कुरकुरतात आणि मी गुडघ्यांपेक्षा जास्त. सूनबाई परवा म्हणाली, आई, तुम्ही हल्ली भांडीसुद्धा रागाने घासता. खरं आहे तिचं. येत्या गुरुवारी घुमीची दुसरी बैठक आहे आणि कशातच जीव लागत नाही. पहिली कशी मोडली ते तुला सांगायला नको, तूच उठून गेलीस. न्यायाधीशबाईंनी आता स्पष्ट सांगितलंय, जिचं नुकसान झालं ती समोर बसून बोलली तरच प्रकरण आपल्या बैठकीत राहील, नाहीतर ते परत कोर्टात, आणि घुमी सुधारगृहात. बाईंचं चुकलं असंही म्हणता येत नाही. सोळा वर्षांची पोर, कुलूप तोडून तुझ्या शिवणवर्गात शिरते आणि टांगलेले तयार गणवेश कात्रीने उभे चिरते, तेही शाळा उघडायच्या तोंडावर. तू आणि तुझ्या पोरींनी मान मोडून शिवलेले होते ते. तो ढीग मी डोळ्यांनी पाहिलाय. आणि कुणी केलं, तर जिला तू स्वतः शेजारी बसवून पायडल मारायला शिकवलंस तिने. तुझ्या जागी मी असते तर पहिल्या बैठकीलासुद्धा आले नसते.

पण माझा राग तुझ्यावर नाही गं. तो कुणावर काढावा तेच कळत नाही, म्हणून तुझ्यापुढे ओतते. आपण सुरू केलं तेव्हा काय होतं आपल्याकडे? टायरवाल्याच्या वरची खोली, कुणाकुणाच्या घरून मागून आणलेल्या खुर्च्या, एक उंच तर एक लंगडी, आणि खालून हवा भरायच्या यंत्राचा फुसफुसाट. मी कोर्टासमोर झेरॉक्सचं दुकान चालवणारी बाई. कागद काढता काढता वाचायची खोड लागली, आणि वाचता वाचता ध्यानात आलं की पोरांच्या प्रकरणात वकील बोलतो, पोलीस बोलतो, बाप बोलतो, आणि ज्याने केलं तो गप्प, ज्याचं गेलं तो बाहेरच्या बाकावर. म्हणून आपण एकच नियम केला. गोल बसायचं आणि ज्याचं त्याने बोलायचं. दुसऱ्याच्या वतीने एक शब्द नाही, आईने पोराच्या वतीने नाही की मी तुझ्या वतीने नाही. आठवतं, तो एक बाप वकील भाच्याला घेऊन आला होता, आणि तू भाच्याला म्हणालीस, बाळा, तू काही फोडलं असशील तर बस, नाहीतर खाली जाऊन चहा पी. तो खरोखर गेला.

आता आपल्याला ऑफिस आहे, एकसारख्या खुर्च्या आहेत आणि बैठका चालवायला नवे साहेब आहेत. त्यांच्या शर्टाची घडी दिवसभर मोडत नाही, म्हणून मी त्यांना मनातल्या मनात इस्त्रीसाहेब म्हणायची. परवा ते तोंडावरच निसटलं. त्यांना ते कौतुक वाटलं. माणूस वाईट नाही, आणि हेच तर दुखणं आहे. वाईट असता तर एकदा कडाकडा भांडून मोकळी झाले असते. हे प्रत्येक गोष्टीला, मावशी, अगदी बरोबर, असं म्हणतात आणि मग त्यांना हवं तेच करतात. त्यांच्या पद्धतीत बैठकीत आवाज चढवायचा नाही, रडू आलं तर बाहेर जाऊन यायचं, आणि शेवटी प्रत्येकाने आपल्याला कसं हलकं वाटतंय ते सांगायचं. ज्याच्या पोराने शेजाऱ्याची स्कूटर जाळली त्या बापाला त्यांनी विचारलं, आता कसं वाटतंय? तो म्हणाला, भूक लागलीय. सगळ्या बैठकीत तो एकटा खरं बोलला असं मला वाटलं. न्यायाचं काम आहे हे, मालिश नव्हे. पण हे सांगायला गेले की मी जुन्या वळणाची ठरते. ठरू दे. रोज घरी येऊन पाय आपटते, त्याने जमिनीला काय होतंय.

आणि ती माफी. साहेबांनी पोरांसाठी माफीची शिकवणी लावली. पोरं अडखळतात, भलतंच बोलतात, समोरचा आणखी दुखावतो, म्हणून वाक्यंच बसवून द्यायची. ‘माझ्या वागण्याने तुम्हाला झालेल्या त्रासाची मला पूर्ण जाणीव आहे.’ मी कुरकुरले, पण घुमीची पाळी आली तेव्हा गप्प राहिले. जी पोर घरात कुणाकडे पाण्याचा पेला मागत नाही, जिला घरचेच घुमी म्हणतात, तिला आधाराला तेवढी काठी मिळाली तर मिळू दे, असं वाटलं. कुणाच्या टाळक्यात आलं नाही की हीच वाक्यं, ज्याचं दुकान फोडलं होतं त्या आपल्या चप्पलवाल्याने आदल्या महिन्यात त्याच्या बैठकीत दोन पोरांच्या तोंडून ऐकली होती, आणि तो तुला त्यांची नक्कल करून दाखवून बसला होता. घुमी ‘पूर्ण जाणीव’पाशी आली तेव्हा मी तुझ्याकडेच बघत होते. तू चष्मा डबीत घातलास, पिशवी उचललीस आणि हूं की चूं न करता जिना उतरलीस. तरीही घुमी थांबली नाही. रिकाम्या खुर्चीकडे बघून उरलेलं वाक्य पुरं केलं तिने, कारण तिला तसंच शिकवलं होतं. साहेब म्हणाले, निदान तिचं तरी पूर्ण झालं. त्या क्षणी माझ्या हातात काही नव्हतं हे त्यांचं नशीब.

मंगळवारी मी तिच्या घरी गेले. आई इस्पितळात साफसफाई करते, ड्युटीवरून आली की बसल्या जागी डोळे मिटतात. मला म्हणाली, मारून झालं, आता काय करू सांगा. बाप लॉरीवर, त्याने फोनवर सांगितलं, तुम्ही शहाणी माणसं आहात, बघून घ्या. आणि आत्या म्हणजे बंद करायचं बटण नसलेला रेडिओ. पोरीने पस्तावून जेवण सोडलंय हो, असं ती मला डोळ्याला पदर लावून सांगत होती, आणि पोर शेजारीच ताटावर बसून जेवत होती. मी म्हटलं, आत्याबाई, जेवू तरी दे तिला. सगळे त्या पोरीबद्दल बोलतात, तिच्याशी कुणी बोलत नाही. मीही तिच्याशी किती बोलले होते म्हणा. उठले ती वैतागूनच. मनात आलं, जाऊ दे ही पोर सुधारगृहात, माझ्याच्याने होत नाही आता.

जिन्यावर दिवा नव्हता. माझे गुडघे बघून ती मागून आली आणि माझं कोपर धरलं. मधल्या वळणावर मी दम खायला थांबले तर तिने विचारलं, त्या काहीच का नाही बोलल्या? मी म्हटलं, तू पोपटपंची केलीस, मग कोण बोलेल. तर म्हणाली, मला वाटलं होतं आज तरी ओरडतील. मग पोर बोलत सुटली, बाई. इतकं बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. म्हणाली, पहिल्या वर्षी बाई माझी शिवण परत परत उसवायच्या, म्हणायच्या, ही शिवण आहे की पावसाळी गटार, घाल पुन्हा. नंतर बघेनाशाच झाल्या. ‘ठीक आहे, ठेव.’ बाकीच्या मुलींची उसवायच्या, माझी नाही. एकदा मी मुद्दाम वाकडी घातली. तरी म्हणाल्या ठीक आहे, ठेव. तेव्हा कळलं, हिच्याकडून काही होणार नाही म्हणून सोडून दिलंय मला. मी म्हटलं, म्हणून लेकरांचे गणवेश फाडायचे का गं, मेले? तिने मान हलवली. म्हणाली, नाही. ते वाईटच केलं. त्या येतील आणि बघतील तरी, एवढंच डोक्यात होतं. हे तिला कुणी बसवून दिलेलं नव्हतं. आणि बैठकीत तिच्या तोंडून यातलं अक्षर निघालं नाही, कारण आम्ही तिचं तोंड आमच्या वाक्यांनी भरून ठेवलं होतं.

आता मी हा कागद का लिहायला घेतला ते सांगते. भाऊजी अंथरुणाला खिळले होते तो हंगाम आठव. तू इस्पितळातून थेट वर्गावर यायचीस, मशीनवर डोकं टेकायचीस, आणि मी डबा घेऊन आले की म्हणायचीस, बाकीच्यांची एकेक शिवण बघावी लागते, त्या घुमीची तेवढी डोळे झाकून ठेवून घेते, तिचा हात इतका बसलाय की आता बघायचं काही उरलं नाही. तुझे हेच शब्द. जिन्यावर ते माझ्या जिभेवर आले होते आणि मी जीभ चावून खाली उतरले, कारण आपला नियम आपणच केलाय, दुसऱ्याच्या वतीने एक शब्द नाही. आणि खरं सांगू, माझ्या तोंडून ते ऐकून तिला काडीचा उपयोग नाही, मावशी नुसती समजूत घालतेय असंच वाटेल तिला. तेव्हा गुरुवारी ये. माफ करायला ये असं मी म्हणत नाही, ते तुझं तू बघ, नाही केलंस तरी तू समोर बसून बोललीस एवढं मी कोर्टात सांगेन. तू रागवायला ये. त्या फाडलेल्यांपैकी एक गणवेश पिशवीत घालून आण, तिच्या हातात दे आणि पोटात साठलेलं सगळं तिच्या तोंडावर बोल, हवा तेवढा आवाज चढवून. इस्त्रीसाहेबांना आवरायचं काम माझं. तिला वाटतंय, तू तिच्यावर पाणी सोडलंस. सोडलं असशील तर तेही समोर बसून सांग, ती ऐकून घेईल, तेवढी ताकद आहे तिच्यात. पण सोडलं नसशील, तर ते तिला सांगू शकेल असं माणूस जगात एकच आहे, आणि ते माणूस भर सकाळी झोपलंय म्हणे.

तुझीच,
झेरॉक्सवाली