धाकटीचे संदर्भ

सोमवार, ३ मार्च

प्रकाशनाकडून नवी फाइल आली. कुणाच्या तरी प्रबंधाचं पुस्तक करायचंय, म्हणून दुसऱ्या सॉफ्टवेअरमधून वर्डमध्ये उतरवून हवीय. उघडली — आणि पहिल्याच पानावर धाकटीचं नाव.

लॅपटॉप मिटला. भांडी घासली. घासलेलीच पुन्हा घासली.

मंगळवार, ४ मार्च

काम परत करणार होते. नाही केलं. संपादकबाईंना कारण काय सांगायचं? लेखिका माझी सख्खी बहीण आहे आणि आम्ही सहा वर्षं बोलत नाही, हे?

बाबांच्या शेवटच्या आजारपणात मी एकटी होते. ती तिकडे, याच प्रबंधात बुडालेली. आली ती सगळं आटोपल्यावर. मी दारातच म्हटलं, "आता कशाला आलीस?" हातातली बॅग खालीसुद्धा न ठेवता ती परत गेली. मीही हाक मारली नाही.

गुरुवार, ६ मार्च

फाइल वर्डमध्ये आणली. मजकूर आला, तक्तेही धड आले. पण जिथे जिथे संदर्भ दिलाय तिथे कंसात नुसतं प्रश्नचिन्ह! आणि शेवटची संदर्भसूची गायब. तिने सूची वेगळ्या फाइलमध्ये ठेवलीय. मजकुरात फक्त खुणा. ती फाइल मिळाल्याशिवाय या खुणा मुक्या.

बाईंना फोन केला. लेखिकेकडून मागवते म्हणाल्या. पुस्तक वेळेत निघालं नाही तर त्यांची नोकरी कायम होणार नाही, तेवढं जपा, असंही म्हणाल्या.

त्यांची! या 'त्यांना' मी कडेवर घेऊन फिरलेय.

शुक्रवार, ७ मार्च

आज दिवसभरात बोललेलं एकच वाक्य — दुकानदाराला, "पिशवी आहे माझ्याकडे."

रविवार, ९ मार्च

सूचीची फाइल आली. पुन्हा सगळं चालवलं. प्रश्नचिन्हं गेली, त्यांच्या जागी नावं-सालं आली. इतकं बरं वाटलं, पण सांगणार कुणाला?

गोंधळ संपला नाहीच. परकी अक्षरं होती तिथे चौकोन पडलेत. आणि जलसंशोधन मंडळाला यंत्राने माणूस समजून आडनाव पुढे घेतलंय — 'मंडळ, ज.' एकटीच हसले. हसल्याचा आवाज या खोलीत इतका नवा वाटला की गप्प झाले.

बुधवार, १२ मार्च

एकाच लेखकाच्या एकाच सालच्या दोन नोंदी. यंत्राने एकीला 'अ' लावला, दुसरीला 'ब'. मला तर दोन्ही एकच लेख वाटतोय. बाईंमार्फत विचारलं. उत्तर लगेच आलं: "एकच लेख आहे. चुकून दोनदा नोंदवला गेला. इतकं बारकाईने पाहणाऱ्यांचे आभार."

परत परत वाचलं.

शुक्रवार, १४ मार्च

आज एक शंका पाठवली. खरं तर ती शंका मला नव्हतीच — पृष्ठक्रमांक समोर धडधडीत दिसत होता. तिने सविस्तर उत्तर दिलं. प्रबंधासाठी पाहिलेल्या त्या विहिरींपर्यंत कशी पोचली, कुठे चिखलात चप्पल रुतली, सगळं. एवढं कुणी विचारलं होतं? मी जेवताना पुन्हा वाचलं.

मंगळवार, १८ मार्च

मजकुरातला एकेक संदर्भ सूचीशी ताडून पाहिला. सगळे जुळले. फाइल पाठवून दिली.

आता विचारायला काही उरलं नाही. संध्याकाळभर खिडकीशी बसून होते.

बुधवार, १९ मार्च

बाईंचा फोन. काम चोख झालंय, छपाईला गेलं. मग बोलता बोलता म्हणाल्या, "त्यांनी पहिल्याच दिवशी अट घातली होती — काम तुमच्याकडेच द्यायचं, नाहीतर पुस्तक देणार नाही. तुम्हाला कळू देऊ नका म्हणाल्या होत्या. पण आता झालंच की."

लावला तिला फोन. "ताई?" म्हणाली. मी विचारलं, "ती चिखलात रुतलेली चप्पल निघाली का गं?" मग बराच वेळ फोन कुणीच ठेवला नाही.