हापसा पुन्हा खोकला

कृष्णाई चाळ, मुलुंड (पूर्व)
मंगळवार, दुपारची भांडी झाल्यावर

प्रिय राधा हिला वनमालेचा सप्रेम जय भीम.

तुझे गुडघे कसे आहेत? कोरेगावची हवा मानवली का? प्रबुद्ध, सूनबाई आणि ती दूध न देणारी तुझी म्हैस, सगळ्यांची खुशाली कळव. आम्ही ठीक. ह्यांचं ब्लड प्रेशर मध्यम, जीभ जोरात. पत्र बघून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. तर फोनवर तू मला बोलू देत नाहीस. लग्न होऊन आलीस तेव्हापासून देत नाहीस. आज मी बोलणार आणि तू मुकाट वाचणार.

तर ऐक. आपला हापसा मी दुरुस्त केला. हो, तोच, चाळीमागच्या विहिरीवरचा, बिडाचा, ज्याला आपण तात्या म्हणायचो, कारण पाणी द्यायच्या आधी तो म्हाताऱ्यासारखा खोकायचा. घरोघरी नळ आल्यापासून त्याच्याकडे कुणी ढुंकून बघितलं नव्हतं. दांड्यावर लोक पायपुसणी वाळत घालायचे (मीही घातलीत, पण मी झटकून घालायचे). वरचं अंग अजून ठणठणीत होतं, सगळी वाट लागली होती ती खाली. विहिरीतून वर येणारा पाइप, तो वळतो तिथला एल्बो आणि दोन पाइप जोडणारं युनियन, तिन्ही गंजून असे एकजीव झाले होते की आमचं लग्न लावणाऱ्या भटजींनी बघून शिकावं.

मी पाना शोधायला लागले तर हे म्हणाले, "तू बाजूला हो. हे मशीनचं काम आहे." तुला माहीतच आहे, गिरणीत हे कापडाच्या ताग्यावर शिक्के मारायचे. पण बोलायला लागले की सगळी गिरणी ह्यांनीच उभी केली आणि मालकांनी ह्यांना न विचारता बंद केली. समोरचा चंद्रप्रकाश त्याचा भलामोठा पाइप पाना घेऊन आला. (आता रिटायर झालाय. दिवसभर कुणाचं काय बिघडतंय याची वाट बघत ओट्यावर बसतो.) दोघांनी एल्बोवर रॉकेलच्या जागी, रॉकेल आता मिळतं कुठे, गोडंतेल ओतलं. तेल मुरेपर्यंत चहा झाला. मग पान्याच्या दांडीवर लांब पाइप चढवला आणि दोघे त्याला लोंबकळले. एल्बो जागचा हलला नाही. पण खालचे बोल्ट सुटून अख्खा हापसा गर्रकन फिरला, तोंड भिंतीकडे करून रुसल्यासारखा उभा राहिला आणि हे धपकन सांडपाण्याच्या पन्हळीत बसले. सून, आमची अक्षता, खिडकीतून ओरडली, "बाबा, लागलं का हो?" हे म्हणाले, "नाही गं, खालून कसं दिसतं ते बघतोय."

शेवटी चंद्रप्रकाशने हातोडा घातला. एल्बो बिस्किटासारखा फुटला, पण त्याच्या आतला पाइपाचा तुकडा हापशाच्या खालच्या तोंडात आट्यांसकट अडकून राहिला. चंद्रप्रकाश म्हणाला, "वहिनी, सोडा आता. प्लास्टिकचा पाइप टाकू, झकास होईल." मी म्हटलं, तू दात प्लास्टिकचे केलेस तेवढं पुरे. नंतर वाईट वाटलं, पण तोपर्यंत सगळी चाळ हसली होती.

मुलुंडच्या दुकानांत त्या आट्यांचा माल मिळेना. मग शनिवारी अक्षता मला स्कूटरवरून कुर्ल्याच्या भंगारात घेऊन गेली. (मुलगी चांगली आहे गं. मी उगाच तुझ्याकडे तिच्या भाकरीची निंदा केली होती.) दुकानदार फुटका एल्बो बघून म्हणाला, "मावशी, ये तो आपकी उमर का है." मी म्हटलं, "म्हणूनच सहज मोडत नव्हता." त्याने डबा उपडा करून बसायला दिला आणि पुढ्यात ढीग ओतला. मी तांदळातले खडे निवडावेत तशी निवडत बसले. साडी काळी, हात काळे. आणि एकदम सापडला, राधे. जाडजूड, ग्रीसमध्ये लडबडलेला, आटे नव्यासारखे. युनियनही त्याच ढिगात निघालं. मी तिथेच एल्बो गालाला लावला. अक्षता म्हणाली, "आई, लोक बघतायत."

रविवारी हे विहिरीपाशी पालथे पडून तो अडकलेला तुकडा करवतीच्या पात्याने आतून कापत होते, हापशाचे आटे न दुखावता, जरा जरा करत. मी चहा घेऊन गेले तर चक्क गप्प. एवढा वेळ गप्प ह्यांना मी कधी बघितलं नव्हतं. मग मीही कट्ट्यावर बसले आणि मला तुमचा इथला पहिला दिवस आठवला.

तुझ्या सासूबाई कळशी घेऊन लांब, त्या भिंतीपाशी उभ्या होत्या. सगळ्यांचं भरून होईपर्यंत थांबायचं, ही त्यांची गावची सवय. तू मात्र तुझी कळशी सरळ रांगेत ठेवलीस. आणि मी नेहमीसारखी मध्ये घुसले. तू माझी बादली उचलून मागे ठेवलीस आणि म्हणालीस, "ए बाई, माझा नंबर मारायचा नाय." काय भांडलो आपण! तू माझं माहेर काढलंस, मी तुझं नाक. सगळी चाळ गोळा झाली. संध्याकाळी तुझ्या सासूबाई आमच्या दारात आल्या. मला वाटलं, आता ह्या उरलेलं भांडण पुरं करणार. तर डोळे पुसत हसत होत्या. म्हणाल्या, "पोरी, जन्मभर पाण्यावरनं बोलणी खाल्ली. पण नुसतं नंबरावरनं भांडण मी आज पहिल्यांदा बघितलं. रोज भांडा गं." तेव्हा मला त्यातलं अर्धंच कळलं होतं. आपण मात्र त्यांचा शब्द मोडला नाही.

तुकडा निघाला. पाणी झिरपू नये म्हणून ह्यांनी आट्यांवर सफेदा लावला, सुतळी गुंडाळली, एल्बो बसवला, युनियन आवळलं. चंद्रप्रकाशने बोल्ट घट्ट केले. वरून तांब्याने पाणी ओतलं आणि हे हापसायला लागले. काही नाही. चंद्रप्रकाश हापसला. काही नाही. मी पदर खोचला. दांडा हातात आला आणि हातांना सगळं आठवलं बघ, कुठे जोर द्यायचा, कुठे सोडायचा. आधी नुसता वारा. मग तो खोकला. असा खोकला की दारादारांतून माणसं बाहेर आली. मग तांबडं, चहासारखं पाणी, आणि मग स्वच्छ. घरात नळ असून बायका बादल्या घेऊन आल्या. अक्षताने दांडा मागून घेतला आणि पहिल्याच झटक्यात धार स्वतःच्याच अंगावर घेतली. हे बाजूला उभे होते. म्हणाले, "राधावहिनी पाहिजे होत्या." माझं तोंड धुवायचं चाललं होतं.

बाकी सर्व क्षेम. म्हशीला कुरवाळ, सूनबाईंना आशीर्वाद आणि गुडघ्यांना तेल लाव.

तुझीच (आणि तुझ्या आधीची),
वनमाला

ता. क. चाळ बिल्डरकडे गेली. दिवाळीनंतर खाली करायची आहे. विहीर बुजवणार आणि हापसा भंगारात. मी हे फोनवर सांगायला गेले असते तर रडले असते आणि तू मध्येच बोलली असतीस.

ता. क. दुसरा. तुझ्या घरामागच्या आडाला पाणी वरपर्यंत आहे, असं प्रबुद्ध म्हणाला. तिथे कट्ट्याला जागा करून ठेव. हापशाबरोबर हेही येतील, कारण कुठला आटा कुठे बसतो ते त्यांनाच ठाऊक आहे. त्यांना बसवायचं काम दे, बोलायचं देऊ नकोस. मी नुसती सोबत म्हणून येतेय. महिनाभर राहीन फार तर.

ता. क. तिसरा. टेम्पो ठरवलाय, शुक्रवारी निघतोय. नको म्हणायचं असेल तर पत्रानेच कळव. ते इथे पोचेपर्यंत आम्ही तिथे असू.