थोडी अस्वस्थता

३ फेब्रुवारी

आले एकदाची! दोन बॅगा, एक कुंडी आणि मी. मावशीने दार उघडलं तेच गुडघ्यांना शिव्या देत. म्हणे मेले सकाळपासून करवतीसारखे चालताहेत, तू येणार म्हणून जिना पुसायला गेले आणि आता बसता येईना की उठता. मग माझा गालगुच्चा घेतला, किती वाळलीस म्हणाली, आणि पुन्हा गुडघे. काका गेल्यापासून ती या दोन खोल्यांत एकटीच आहे, पण दुखणं सांगण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. एकेका सांध्याला तिने वेगळी शिवी ठेवली आहे. मी हसून हसून बेजार झाले.

परवापासून नोकरी. विद्यापीठाच्या औषध-चाचणी केंद्रात लोकांना माहिती सांगायची. इतकी वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, आता मोठी माणसं वर्गात बसणार. मावशीच्या मते मी तशीही फुकट बडबडते, निदान पगार तरी मिळेल.

६ फेब्रुवारी

केंद्र मागच्या इमारतीच्या तळमजल्यावर आहे. वजनकाटा, रांगेने लावलेल्या खुर्च्या, आणि दर पेल्यामागे उचकी देणारं पाण्याचं यंत्र. मुख्य डॉक्टरबाई चष्मा डोक्यावर ठेवून टेबलभर चष्मा शोधत असतात. सिस्टर त्यांना तो शोधू देतात, सांगत नाहीत. मला दोघी आवडल्या.

चाचणी गुडघेदुखीच्या नव्या गोळीची आहे. निम्म्यांना खरी गोळी, निम्म्यांना हुबेहूब तशीच पण नुसत्या पिठाची. कोणाला कुठली, ते छापा-काट्यासारखं ठरतं, आणि ना पेशंटला कळतं ना डॉक्टरला. यादी सीलबंद. गोळी घेतली या समाधानाने बरं वाटणं आणि औषधाने बरं होणं यांत फरक असतो, तो ओळखायला हा खटाटोप. शिवाय कोणीही केव्हाही बाहेर पडू शकतो, कारणसुद्धा द्यावं लागत नाही.

घरी येऊन मावशीला सगळं समजावलं. तिने विचारलं, माझ्यावर प्रयोग करणार का गं, मी काय बेडूक आहे?

११ फेब्रुवारी

पहिलंच भाषण पार आपटलं. नैतिकता समितीने मंजूर केलेल्या माहितीपत्रात एक वाक्य आहे : काहींना पोटात तीव्र वेदना होऊ शकतात, तसं झाल्यास ताबडतोब कळवा. ते जसंच्या तसं वाचलं आणि अर्धं सभागृह चपला शोधायला लागलं. डॉक्टरबाई चष्मा शोधत राहिल्या. पण माणसं मिळाली नाहीत तर चाचणी बंद पडेल असं सिस्टर म्हणाल्या, आणि तोंडात मारल्यासारखं झालं.

१४ फेब्रुवारी

आज जमलं! कागदावर ते वाक्य आहे तसंच आहे. पण कागद कोण वाचतं? माणसं ऐकतात. म्हणून मी बोलताना म्हटलं, थोडी अस्वस्थता जाणवू शकते, ती आपोआप कमी होते. घाबरण्याचं काहीच कारण नाही. आपला सहभाग मोलाचा आहे. तान्ह्या बाळाला थोपटावं तसा हात हवेत हलकेच दाबायची माझी शाळेपासूनची सवय आहे. पोरं गप्प व्हायची, हेही झाले. सह्यांसाठी रांग लागली.

डॉक्टरबाईंनी पाठ थोपटली. नक्की काय बदललंस, असं त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. जिना चढताना कान तापले होते, का कोण जाणे. खोटं तर काही बोलले नाही.

२५ फेब्रुवारी

मावशी आली भाषणाला, पहिल्या रांगेत. बाहेर पडल्यावर शेजारणीला सांगत होती की आमची ही बोलते तेव्हा ऐकत राहावंसं वाटतं. तिने सहीपण केली. कागद वाचलास का म्हणून विचारलं, तर तू सांगितलंस ना, मग कशाला, म्हणाली. तेव्हा तरी सांगायला हवं होतं. पण तिचा चेहरा असा खुलला होता की जीभ रेटली नाही.

९ मार्च

चाचणी झकास चालली आहे. सिस्टर सगळ्यांना विचारतात, दुखणं किती, आणि सगळे सांगतात, थोडी अस्वस्थता. पोटाबद्दल एकाचीही तक्रार नाही. डॉक्टरबाई शीळ घालत फिरतात.

मावशीही कुरकुरत नाही. घर इतकं शांत झालंय की पंख्याचा आवाज नवीन वाटतो. खरं सांगायचं तर मला तिच्या शिव्यांची आठवण येते. आज तिने दुधाचं तापलेलं पातेलं चिमट्याशिवाय उचललं. मी किंचाळले. ती नाही. पातेलं सावकाश खाली ठेवलं, हसली, आणि म्हणाली की थोडी अस्वस्थता जाणवू शकते, ती आपोआप कमी होते. तळव्याची साल निघाली होती. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. आणि दुसरा हात हवेत हलकेच दाबत होती.

माझी थट्टा करतेय असं वाटलं. देवा, तसंच असू दे.

१७ मार्च

पडदे आणायला शिंपीकाकांकडे गेले. तेही चाचणीत आहेत. मशिनची सुई त्यांच्या नखातून आरपार गेली होती, आणि ते तसेच बसून होते. किती वेळ, कोणास ठाऊक. शर्टाची कॉलर आसवांनी भिजली होती. मी धावत जाऊन चाक उलटं फिरवलं. ते माझ्याकडे पाहून हसले. मग माझंच वाक्य, माझ्याच आवाजाच्या चढउतारात. दोन वाक्यांच्या मध्ये मी जशी बारीक खोकते, तसं ते खोकणंसुद्धा.

यांना दुखतंय. अगदी आपल्याला दुखतं तसंच दुखतंय. फक्त सांगता येत नाहीये.

१९ मार्च

शिंप्याच्या बोटामुळे सीलबंद यादी उघडावी लागली. डॉक्टरबाईंनी केबिनमध्ये बोलावून आनंदाने सांगितलं की शिंप्याला पिठाची गोळी होती. खऱ्या गोळीवाले आणि पिठाचे, दोन्हीकडचे अगदी सारखेच वागताहेत. म्हणजे औषध निर्दोष आहे.

एकच माणूस वेगळा आहे, त्याला त्या अपवाद म्हणतात. बसचा ड्रायव्हर, खरी गोळी घेणारा. काल पोटात दुखतंय म्हणून त्याने अख्खं केंद्र डोक्यावर घेतलं, पोटात रक्तस्राव होता, वेळेवर वाचला. सिस्टर सहज म्हणाल्या की हा तुझ्या भाषणाला नव्हता. ड्यूटी होती, म्हणून कागद घरी नेऊन वाचला त्याने.

त्या सहज म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मावशीला खरी गोळी आहे.

२० मार्च

तिच्या गोळ्या मोरीत ओतल्या. सगळ्या. तिला बसवून विनवलं, बाहेर पड यातून, नको म्हण, फक्त नको म्हण. तिचे ओठ हलले. खूप वेळ हलले. मग म्हणाली, आपला सहभाग मोलाचा आहे. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. ती थोपटत होती. मला नाही — हवेला.

डॉक्टरबाईंना सगळं कबूल केलं. कागदावर काय होतं, मी काय बोलले, सगळं. त्यांनी डोक्यावरचा चष्मा काढून पुसला. म्हणाल्या, गोळ्या आजच थांबवते, पण शब्दांनी असं होत नसतं. उद्या सगळ्यांना सभागृहात बोलावते, तूच खरं काय ते सांग. ते तुझंच ऐकतील.

२१ मार्च

सभागृह भरलेलं. मावशी पहिल्या रांगेत.

वाक्य पाठ करून गेले होते. पोटात दुखलं तर ओरडा. एवढंच. तोंड उघडलं —

घाबरण्याचं काहीच कारण नाही, म्हणाले. मी. हात आपोआप वर गेला. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तेच. समोर सगळे माझ्याबरोबर हात दाबत होते, एका लयीत, आणि रडत होते. मागून डॉक्टरबाईंनी टाळ्या वाजवल्या, त्याच लयीत.

धरणी पोटात घेईल तर बरं.

२२ मार्च

बोलताना येत नाही. इथे लिहिता येतंय. अजून.

मावशी जेवत नाही. पोट धरून बसली आहे. पोट दगडासारखं लागतं हाताला.

२३ मार्च, सकाळ

दवाखान्यात नेलं. तरुण डॉक्टर होता, चांगला वाटला. त्याने पोट दाबलं, कुठे दुखतंय विचारलं. ती हसली. थोडी अस्वस्थता, म्हणाली. डोळे गळत होते, तर डोळ्यांचं काही आहे का म्हणून त्याने विचारलं. मग माझ्याकडे वळला. घरच्यांना काय वाटतं?

मी — मी हसले. मी हात दाबला.

थेंब दिले त्याने. डोळ्यांचे. घरी पाठवलं.

लाज वाटते. तिने रिक्षात माझा हात धरला होता, आणि मला तिच्याकडे बघवेना.

२३ मार्च, दुपार

एक सुचलंय. मागची पानं दाखवायला हात उठत नाही, म्हणून हेच पान फाडून त्या डॉक्टरला नेऊन द्यायचं. शेजारीण मावशीजवळ बसली आहे. इथे लिहिता येतं. नीट लिहायचं, एका दमात.

डॉक्टर, माझ्या मावशीच्या पोटात फार दु

हात घसरला. पुन्हा.

डॉक्टर, तिच्या पोटात रक्त

पुन्हा.

डॉक्टर, माझ्या मावशीला थोडी अस्वस्थता —

नाही. नाही नाही. आतून काहीतरी फुटल्याचा आवाज आला. बशी असेल. तिने मुद्दाम आपटली असेल. ती बोलावतेय मला. तिला एवढंच जमतंय. शेजारीण हाका मारतेय — मावशी पांढरी पडली —

लिही. लिही ना गं. एक शब्द.

मावशी, मी तुझी गुन्हे — मला ला

आपोआप कमी होते. घाबरण्याचं काहीच कारण नाही. आपला सहभाग मो