मालक स्वतः हजर असतात

प्रिय दादा,

तुझं पत्र पोचलं. तीन पिढ्या पुरुषांनीच हे दुकान चालवलं, बाईनं इथे कधी पारडं टांगलं नाही, तेव्हा बाबांच्या मागे आता मिटवून टाकू या, असं लिहिलंस. वाचून अंगाचा तिळपापड झाला. शेवटची सहा वर्षं बाबांचे हात थरथरत होते, तेव्हा सोनारांचे नि औषधवाल्यांचे तराजू कोण दुरुस्त करत होतं, भूत? असो. आधी ऐकून तर घे.

पुरावा म्हणून तू पणजोबांची ती चौकटीतली जाहिरात जोडलीस. शहराच्या जुन्या व्यापारी डिरेक्टरीतली, सन १८७९ची. 'सर्व प्रकारचे तराजू व वजने. जुने काटे खात्रीने दुरुस्त. मालक स्वतः हजर असतात.' ती मलाही पाठ आहे रे. बाबा म्हणून दाखवायचे आणि शेवटच्या ओळीला स्वतःच्याच छातीवर हात मारायचे.

मंगळवारी दुपारी दुकानाला कुलूप घालून वाचनालयात गेले. ग्रंथपाल बाईंनी डिरेक्टऱ्यांचा ढीगच पुढ्यात ठेवला. दरवर्षी तीच जाहिरात, चौकटीचा तोच तुटका कोपरा. बाई म्हणाल्या, अहो, छापखानेवाले एकदा जुळवलेले अक्षरांचे खिळे तसेच बांधून ठेवायचे आणि पुढच्या वर्षी तेच पुन्हा छापायचे. मालक गेला तरी जाहिरात जात नसे. हे ऐकलं आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पुढच्या खोलीतल्या पणजोबांच्या तसबिरीखाली काय लिहिलंय, आठव. मृत्यू, १८७१! आपण दोघं त्या तसबिरीसमोर वाढलो आणि ही दोन सालं कधी शेजारी ठेवून पाहिली नाहीत. धन्य आपली! आठ वर्षं मेलेला माणूस दुकानात 'स्वतः हजर' होता म्हणे.

मग १८७१ची वर्तमानपत्रं मागवली. केसांच्या तेलाच्या आणि घोडागाडीच्या जाहिरातींच्या मध्ये, बोटभर जागेत ती सापडली. तशीच उतरवून पाठवते:

'जाहीर सूचना. तराजूवाले वारल्यामुळे दुकान बंद झाले, अशी अफवा त्यांचे धाकटे बंधू उठवीत आहेत. ती साफ खोटी आहे. दुकान उघडे आहे. त्यांची विधवा स्वतः बसते. विश्वास नसेल त्याने आपला तराजू घेऊन यावे.'

दादा, मी तिथेच ढसाढसा रडले, आणि मग हसूच आवरेना. बिचाऱ्या बाई पाणी घेऊन धावल्या. आपली पणजी रे! जिची घरात साधी तसबीरसुद्धा नाही. तेव्हा आजोबा चार वर्षांचे होते. त्यांच्या हातात दुकान काय आभाळातून पडलं? कुणीतरी ते पोरगं मोठं होईपर्यंत धरून ठेवलं होतं, आणि त्याचं श्रेय आपण एका तसबिरीला देऊन मोकळे झालो.

आता माझं. काल कोपऱ्यावरचा औषधवाला आपला तराजू परत न्यायला आला. दुरुस्ती अर्धीच झालेली. खाली मान घालून म्हणाला, तुमच्या भावानं फोन करून सांगितलं, दुकान बंद होतंय. आणखी दोघांना तू हेच सांगितलंस, तेही कळलं. मला न विचारता! मी त्याला बसवून घेतलं, त्याच्यासमोर काम पुरं केलं, आणि बाबांच्या पद्धतीनं पारडी अदलाबदल करून दाखवली. काटा तसूभर हलला नाही. पुढच्या महिन्यात दुसराही आणतो म्हणाला.

म्हणून हे पत्र. रविवारच्या पेपरात मी पणजीची सूचना दिली आहे, शब्द न् शब्द तीच. फक्त 'विधवा'च्या जागी 'मुलगी' आहे, आणि 'धाकटे बंधू'च्या जागी 'थोरले चिरंजीव'. परक्याकडून कळण्यापेक्षा तुला माझ्याकडून कळलेलं बरं. शनिवारी दुपारपर्यंत मजकूर बदलता येतो. तोवर त्या तिघांना फोन करून खरं सांगितलंस, तर तुझ्याबद्दलचं वाक्य मी काढून टाकीन. दुकान उघडं आहे, हे मात्र छापून येणारच.

तुझीच, कितीही भांडलास तरी तुझीच,
छटाक
(मालक, स्वतः हजर)